पाण्यावरच्या माणसाला हाक नाही

गेल्या थंडीत मी पेरलेली मेथी वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात उगवली. कोपऱ्यात इतकी दाट, की बोट घालायला जागा नाही, आणि बाकीचा वाफा मोकळा, कुणीतरी झाडून काढल्यासारखा. मोठी आई काठी टेकत आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "उगवलं गो तुजं गनित!"

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता आपल्याला कामावरून काढणार. माझं असंच आहे. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मला वाटतं, आता काहीतरी वाईट होणार.

मोठी आई म्हणजे विरारजवळच्या गिरीज गावात ज्या वाडीत मी कामाला आहे, त्या घरातल्या सगळ्यांत वडील बाई. अख्खी आळी त्यांना मोठी आईच म्हणते. मुलगा आणि सून दोघं नोकरीवर जातात, दिवसभर वाडीत त्या आणि मी. नारळ आहेत, केळी आहेत, केळीच्या सावलीत अळू, आणि बावखलाच्या कडेला भाजीचे वाफे. बावखल म्हणजे विहिरीपेक्षा मोठं आणि तळ्यापेक्षा लहान, गोड्या पाण्याचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तळंच वाटलं होतं. आमच्या लातूरकडे एवढं पाणी कुणी वाडीच्या कोपऱ्यात असं सहज ठेवून देत नाही.

लग्न होऊन नवऱ्यामागे मी इकडे आले. तो रेल्वेच्या पूर्वेला कारखान्यात, आमची भाड्याची खोली जवळच्या गास गावात. माझी शाळा आठवीत सुटली. कुणी सोडवली नाही, सुटलीच. पुढची शाळा दुसऱ्या गावात, धाकटा भाऊ कडेवरचा, माय रानात. एक दिवस गेले नाही, मग आठवडाभर गेले नाही, मग सरांनी विचारायचंही सोडलं.

ती शाळा पुन्हा हातात दिली मोठ्या आईंच्या सुनेने. त्यांना मी वहिनी म्हणते. मी भाजीच्या जुड्यांना गुंडाळायच्या जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा वाचत बसले होते, ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं मन लावून वाचतेस, मग दहावीला का नाही बसत? बाहेरून बसता येतं." सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरला, पुस्तकंही त्यांनीच आणली. एवढं कोण कुणासाठी करतं? मी त्या दिवशी खोलीवर येऊन देवाला साखर ठेवली आणि मग दोन दिवस झोपले नाही. आता नापास झाले तर काय तोंड दाखवायचं!

पहिल्या खेपेला सगळे विषय निघाले, गणित राहिलं. जुलैला पुन्हा बसले, पुन्हा राहिलं. आता मार्च समोर होता, आणि माझी लेक नववीत. म्हणजे या मार्चला सुटले नाही, तर पुढच्या मार्चला आम्ही माय-लेकी एकाच पेपराला.

लेकीला त्याची मजा वाटायची. "आई, माझ्या मागच्या बाकावर नंबर आला ना, तर मी उत्तर दाखवणार नाही हं. सुपरव्हायझर पकडतो."

"मीच दाखवीन तुला."

"गणितात?" असं म्हणून ती जी हसायची!

मीही हसायचे. पण मला आतून वाटायचं, या पोरीच्या वाटेवर एखादी तरी जागा अशी असावी, जिथे तिच्या आधी मी जाऊन आलेय. बाकी सगळीकडे तीच पुढे. फोनमधलं, बँकेतलं, रिक्षावाल्याशी हिंदीतलं. फक्त ही एक जागा. आणि ती गणितापाशी अडली होती.

अडली का, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मी अभ्यास करत नव्हते असं नाही. उलट मी सारखाच अभ्यास करत होते. कणीक मळताना, बसमध्ये, वाडीत जुड्या बांधताना. लेकीने तिच्या आवाजात सगळी सूत्रं फोनमध्ये भरून दिली होती, ती कानात लावून मी लाल माठ खुडायचे. वहिनींनी विरारच्या काही सोसायट्यांचा भाजीचा ग्रुप काढला होता, त्याच्या ऑर्डरी घेणं माझ्याकडे. म्हणजे कानात सूत्र, हातात माठ, मध्येच टिंग झालं की ऑर्डर, आणि चुलीवर मोठ्या आईंची पेज. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? शेजारणी म्हणायच्या, हिला चार हात आहेत. चार हात आहेत हे ऐकायला बाईमाणसाला फार बरं वाटतं. मग ती पाचवं काम मागून घेते.

लेक म्हणाली, "याला मल्टिटास्किंग म्हणतात, आई. आणि ते खरं तर होतच नाही."

"होत नाही कसं? मी करते ना."

तिने बापाच्या जुन्या मोबाईलवर कुठेतरी वाचलेलं मला सांगितलं. मेंदू दोन विचारांची कामं एका वेळी करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. परत येतो तेव्हा आपण कुठे होतो ते त्याला पुन्हा शोधावं लागतं, आणि त्या शोधण्यात वेळ जातो, चुका होतात, थकवा येतो. आपल्याला मात्र वाटतं, आपण केवढं काम करतोय.

"म्हणजे मेंदू बेडूक आहे," मी म्हटलं.

"तसंच काहीतरी."

हे सांगताना तिच्या मांडीवर विज्ञानाची वही होती, तोंडात चिवडा, आणि मोबाईलवर कुणीतरी केक कापत होतं. बेडकाची पोर, दुसरं काय!

माझ्या मायच्या लक्षात मात्र हे पुस्तकाशिवायच आलं होतं. ती गावाहून रोज दुपारी फोन करते. "जेवलीस का? काय करायलीस?" आणि मग गावातलं सगळं. एकदा ती बोलत होती, मी एकीकडे ऑर्डरी वाचत होते आणि हं, हं करत होते. तिने एकदम विषय तोडला. मग म्हणाली, "काय म्हणलं मी आत्ता?"

"म्हशीचं काहीतरी."

"काय म्हशीचं?"

मी फोन कानाशी नीट धरला.

"मी म्हणलं, म्हैस बाभळीवर चढून बसलीय, उतरंना झालीय. तू म्हणलीस, हं, बरं झालं."

ती रागावली नाही. खो खो हसली, अख्ख्या गल्लीला सांगितलं. पण फोन ठेवताना म्हणाली, "कामात असलीस तर सांगत जा, बाई. मी म्हशीशी बोलंन." ते मला फार दिवस टोचत राहिलं.

आणि मग मेथीचा दिवस.

त्या सकाळी मोटर चालू होती. पाटातून पाणी येत होतं, मी एका वाफ्याचं तोंड फोडून उभी होते. कानात लेक सांगत होती, बेरजेचा वर्ग म्हणजे अमुक अधिक तमुक. तेवढ्यात विरारहून एका ताईंचा फोन. "अळूची पानं वडीला मोठी हवीत हं, मागच्या वेळी फाटकी आली होती." मी म्हटलं, थांबा, बघून सांगते. जाताना विचार केला, आपण येईपर्यंत पाणी वाया कशाला जायचं, म्हणून पुढच्या वाफ्याचंही तोंड फोडून ठेवलं. मग त्याच्या पुढचंही. एकाच वेळी तीन वाफे भरतील, केवढा वेळ वाचेल!

अळूची पानं चांगली होती. ताईंना तसं सांगितलं. परत आले तर तिन्ही वाफे अर्धे कोरडे, आणि पाणी मधला बांध फोडून खालच्या वाफ्यात गेलेलं. त्या वाफ्यात आदल्या दिवशी मेथी पेरली होती. बी सगळं तरंगत उताराच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

धावत जाऊन मोठ्या आईंना सांगितलं. त्या ओट्यावर सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "बी गेलं तं गेलं. कोपऱ्यात तं कोपऱ्यात. बघू काय करतं." एवढंच. मी मनात म्हटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. न ओरडणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

मेथी वर आली त्या दिवशी त्या हसल्या, ते वर सांगितलंच. मी मात्र तिथेच वाफ्याच्या कडेला बसून रडले. मेथीसाठी नव्हे. मला सरळ दिसत होतं की गणितही माझ्या डोक्यात असंच उगवणार आहे, एका कोपऱ्यात सगळं गुंतलेलं, आणि बाकी मोकळं.

मोठ्या आईंनी रडू दिलं. मग विचारलं, "तुज्या गावाला पानी कसं लावतात गो?"

मी सांगितलं. आमच्याकडे त्याला दारं धरणं म्हणतात. एका वाफ्याचं दार फोडायचं, तो भरला की मातीने बुजवायचं, मग पुढचं फोडायचं. माझे दादा, म्हणजे वडील, दारं धरायला गेले की माय आम्हाला बजावायची, पाण्यावरच्या माणसाला हाक मारायची नाही. कितीही काम असू दे. एकदा मामा आला होता, तोही बांधावर शेंगा खात बसून राहिला. दादांनी त्याला पाहिलं होतं, त्यानेही दादांना पाहिलं होतं, पण शेवटचा वाफा भरल्यावरच दोघं रामराम म्हणाले.

"मग?" मोठी आई म्हणाल्या. "आमच्याकडंपन तेच. तवा रहाट होता इथं, बावखलावर. सासरा पान्यावर असला की त्याला कोन हाक मारायचं नाय. माजा पोरगा झाला ना, तं सुईन दारात उभी. सासऱ्याला नातू झाल्याचं कळलं ते वाफे भरून झाल्यावर."

"खरंच?"

"मग! पोरगा काय पळून जातो?" त्यांनी हात पुढे केला. "आन इकडं तो फोन."

मला वाटलं, कुणाला तरी लावायचाय. त्यांनी तो बंद न करता पापडाच्या रिकाम्या डब्यात घातला, झाकण लावलं, आणि डबा मांडीखाली घेतला.

"शिंपन झालं की बावखलाच्या कडंला बसायचं, वही घेऊन. डोक्यावर ऊन येईपर्यंत. तोवर तू पान्यावर हायस. कोनाचा फोन आला तं मी बघते."

"अहो, पण ऑर्डरी..."

"अळू काय उडतं?"

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. फोन डब्यात, पण माझे कान पण डब्यात. वाजला नसताना वाजल्यासारखा वाटायचा. एक ओळ लिहिली की मन उठून चालायला लागायचं. गॅस बंद केला का? लेकीने डबा नेला का? मायचं ब्लड प्रेशरचं औषध संपत आलं असेल. बाहेरून कुणी काही विचारत नव्हतं, तरी मीच मला हाका मारत होते. तेव्हा कळलं, की फोन ही फक्त एक सवय होती. खरी चूक ही, की सगळी तोंडं उघडी ठेवली की मला सुरक्षित वाटायचं. कुठून काही वाईट आलं तर निदान लक्ष तरी असेल. सगळ्यांकडे थोडं थोडं लक्ष, म्हणजे कुणाचं काही बिघडणार नाही. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला हा रोग असतोच बहुतेक. त्याचं अर्धं मन कायम तिकडच्या फोनजवळ बसलेलं असतं.

मग मी दादांसारखं करून बघितलं. दादा वाफा भरताना दुसरीकडे बघायचे नाहीत असं नाही. बघायचे, पण फावडं हलवायचे नाहीत. गॅसचा विचार आला, की मी मनात म्हणायचे, बांधावर बस. हा वाफा भरू दे. औषधाचा विचार आला, तूही बस. शेंगा खा. हळूहळू बांधावर बरीच गर्दी व्हायला लागली, पण पाणी एकाच वाफ्यात जात राहिलं.

दोन अक्षरांची समीकरणं मला तिथेच सुटायला लागली. त्यात आधी एका अक्षराला घालवावं लागतं. ते गेलं की दुसरं आपोआप हाती येतं, आणि मग गेलेलंही परत मिळतं. मी आधी दोघांना एकदम धरायला जायचे. लेकीने वही बघितली आणि बोटाने एकेक ओळ तपासली. मग म्हणाली, "स्टेप्स पण लिहिल्यास?" तिच्याकडून हे म्हणजे शालच अंगावर घातली.

सगळी कामं एकेकटी करायची असतात, असं मात्र मी म्हणणार नाही. जुड्या बांधायला डोकं लागत नाही, बोटांनाच येतं ते. म्हणून मायचा फोन आता मी जुड्यांच्या वेळेला घेते. केळीच्या बुंध्याच्या सुकलेल्या सालीचा दोरा, मुठीत मेथी, आणि कानात माय. तिचं बोलणं चालू असलं की जुड्या उलट जास्त नीट होतात. फक्त ऑर्डरी तेव्हा बघत नाही. मायच्या लक्षात आलं असावं. परवा परवा म्हणाली, "आता म्हैस झाडावरून उतरली वाटतं."

मार्चमध्ये बीजगणिताच्या पेपराला जाताना मी फोन वाडीत ठेवून गेले. परीक्षेला न्यायचा नसतोच, आणि खोलीवर ठेवला असता तर माझं मन खोलीवर राहिलं असतं. पेपर हातात आला तेव्हा अक्षरं नाचली. शेजारच्या मुलाने पुरवणी मागितली आणि मला वाटलं, झालं, सगळे पुढे गेले. मग म्हटलं, तूही बांधावर बस रे बाळा. आणि पहिल्या प्रश्नाचं तोंड फोडलं. एक प्रश्न येत नव्हता, तो सोडला. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पळून गेले नाही, एवढंच नवीन.

पेपर देऊन थेट वाडीत गेले. मोठी आई ओट्यावर, समोर पापडाचा डबा, झाकण उघडं.

"तुज्या आईचा फोन आलता."

मी घाबरले. "काय झालं तिला?"

"काय होनार? पेपर हाय ते इसरली म्हनाली. विचारत होती, लेक कुठंय? मी म्हटलं, ती पान्यावर हाय."

"मग?"

"मग काय! लगेच म्हनाली, 'असं व्हय? मग नका हाक मारू तिला.'" मोठ्या आईंनी सुपारी तोंडात टाकली. "शानी हाय बाई. मग आमी दोघीच बोललो."

"काय बोललात?"

"तुला काय करायचंय?"

किती वेळ बोलल्या कुणास ठाऊक. एकमेकींचं अर्धं तरी कळलं असेल का! पण मोठ्या आईंना माझ्या धाकट्या भावाचं नाव माहीत झालं होतं, आणि मी लहानपणी बैलाला भिऊन कणगीत लपले होते तेही. एवढी वर्षं मी इकडे आणि माय तिकडे, आणि मध्ये मी एकटीच दोन्हीकडे धावत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती दोन टोकं माझ्याशिवाय एकमेकांशी बोलली.

निकाल मे महिन्यात. त्या दिवशी सकाळी लाईट नव्हती, म्हणून शिंपण दुपारवर गेलं. मी मिरचीच्या वाफ्यावर होते. पाणी अर्ध्यात आलं होतं, जमीन तापलेली, भराभर पिऊन घेत होती. ओट्यावर डब्यातला माझा फोन वाजला. मोठ्या आईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोन कायम स्पीकरवर घेतात. लेकीचा आवाज अख्ख्या वाडीत आला.

"मोठी आई, आईला द्या ना!"

"ती पान्यावर हाय."

"अहो, निकाल लागला! आई पास झाली! गणितात पास झाली!"

फावडं माझ्या हातातच राहिलं. मी ओट्याकडे बघितलं. मोठ्या आईंनीही माझ्याकडे बघितलं. एवढ्या लांबूनही दिसत होतं, की त्यांचे डोळे भरलेत. पण त्यांनी हाक मारली नाही. फोनला म्हणाल्या, "झाली तं झाली. पास काय पळून जातो? वाफा भरू दे."

"मोठी आई, प्लीज!"

"तूपन बस बांधावर."

लेक तिकडे फोनवर किंचाळत होती, नाचत होती, बापाला सांगत होती, शेजारच्या ताईंना सांगत होती. आणि मी इकडे उभी, पाणी मिरचीच्या एकेका रोपाला वळसा घालत पुढे सरकताना बघत. फावडं टाकून पळावंसं वाटत होतं. तरी पाणी टोकापर्यंत पोचू दिलं. शेवटचं रोप भिजलं. मग माती ओढून त्या वाफ्याचं तोंड नीट बुजवलं, पायाने दाबलं.

पुढच्याचं फोडलं नाही. मोटर बंद केली, आणि चिखलाच्या पायांनीच ओट्याकडे धावले.